गाठोडं बांधताना पकडायचं : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंदवही सुरू. कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. नेटवर्कमध्ये शिरलेला हल्लेखोर डेटा बाहेर नेण्याआधी तो एका जागी जमवतो, दाबतो, त्याला पासवर्डचं कुलूप लावतो आणि बरेचदा त्याचे तुकडे पाडतो. या टप्प्यावरच तो पकडता येईल का, ते पाहायचं आहे.

आजवर आमचा सगळा भर वेशीवर होता. बाहेर जाणाऱ्या डेटात ग्राहकांची माहिती किंवा खात्यांचे क्रमांक दिसले की अलर्ट वाजायचा. पण कुलूपबंद अर्काइव्हमध्ये (अनेक फाइल दाबून केलेल्या एका फाइलमध्ये) यातलं काहीच दिसत नाही. घरात शिरलेला चोर भांडी एकेक करून बाहेर नेत नाही, आधी गाठोडं बांधतो. गाठोडं बांधायला वेळ लागतो, जागा लागते आणि थोडा का होईना, आवाज होतो. मला तो आवाज ऐकायचा आहे.

मायटर अटॅक या हल्लेखोरांच्या पद्धतींच्या वर्गीकरणात या कृतीला टी१५६० हा क्रमांक आहे आणि तिचे तीन उपप्रकार आहेत : तयार साधन वापरून, प्रोग्रॅममधली लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून आणि स्वतःची पद्धत रचून. डेटा एका जागी जमवण्याला वेगळा क्रमांक आहे, टी१०७४. चाचण्या याच क्रमाने करीन.

प्रयोगशाळेत तीन आभासी मशीन आहेत. एक विंडोज फाइल सर्व्हर, एक विंडोज वर्कस्टेशन आणि 'बाहेरचा' सर्व्हर म्हणून एक लिनक्स. इंटरनेटशी संबंध पूर्ण तोडला आहे. डेटा सगळा स्क्रिप्टने तयार केलेला : खोट्या नोंदींच्या सीएसव्ही (साध्या मजकुरातले तक्ते), मराठी आणि इंग्रजी मजकूर, पीडीएफ, फोटो. खऱ्या माणसाची एकही ओळ यात येणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

९ जानेवारी

हल्लेखोर डेटा दाबतो कशाला, याचं माझं उत्तर 'जागा वाचते' एवढंच होतं. स्वतः करून पाहिल्यावर इतर कारणं कळली.

नोंदींच्या सीएसव्हीत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे त्या मूळ आकाराच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर आल्या. बाहेर पाठवायचा वेळ त्याच प्रमाणात घटला, म्हणजे पकडले जाण्याचा धोकाही घटला. फोटो आणि पीडीएफ मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले, कारण ते आधीच दाबलेले असतात. तरीही हल्लेखोर त्यांचं अर्काइव्ह करतोच. हजारो सुट्या फाइल पाठवण्यापेक्षा एक फाइल सोपी. फोल्डरची रचना जशीच्या तशी राहते. वाटेत काही बिघडलं तर चेकसममुळे (बाइटवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे) ते कळतं, आणि तेवढाच तुकडा पुन्हा पाठवता येतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दाबायचं, मग एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करायचं. नीट एन्क्रिप्ट झालेल्या बाइटमध्ये कुठलीही पुनरावृत्ती उरत नाही, त्यामुळे नंतर दाबायला काही शिल्लकच राहत नाही. उलटा क्रम लावून पाहिला तर आकार किंचित वाढलाच. म्हणजे या कामाचा पहिला भाग हल्लेखोराला उघड्या डेटावरच करावा लागतो. प्रोसेसरचा वापर वाढतो, डिस्कवर वाचन होतं, नवी फाइल वाढत जाते. पुढच्या सगळ्या चाचण्या याच भागाभोवती रचते आहे.

१३ जानेवारी

आज कुलपांचा दिवस. झिप, आरएआर आणि सेव्हन-झेड (सेव्हन-झिप या प्रोग्रॅमचा) हे अर्काइव्हचे तिन्ही प्रकार तपासले.

झिपमध्ये दोन प्रकारची कुलपं दिसतात. जुन्या झिपक्रिप्टो या पद्धतीचं कवच कच्चं आहे. इली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवलं की आतला जेमतेम डझनभर बाइट मजकूर माहीत असला तरी किल्ल्या काढता येतात. चोरी झालेल्या संस्थेकडे मूळ फाइल असतातच, त्यामुळे अशी झिप हाती लागली तर ती उघडण्याची खरी संधी असते. अट एकच, मूळ फाइल त्याच पद्धतीने दाबून तेच बाइट मिळाले पाहिजेत. नव्या प्रकारात एईएस ही मजबूत एन्क्रिप्शन पद्धत असते, तिथे ही वाट बंद. पण झिपमध्ये दोन्ही प्रकारांत आतल्या फाइलची नावं उघडीच राहतात. पासवर्ड नसतानाही काय काय गेलं त्याची यादी वाचता येते. घटनेनंतर कुणाकुणाला कळवायचं हे ठरवताना अशी यादी फार मोलाची ठरते.

आरएआर आणि सेव्हन-झेडमध्ये मात्र हेडरही, म्हणजे आतल्या फाइलची यादी असलेला भागही, एन्क्रिप्ट करायचा पर्याय आहे. तो लावला की नावंसुद्धा दिसत नाहीत. आरएआरची पाचवी आवृत्ती एईएस-२५६ वापरते आणि पासवर्डवरून किल्ली काढताना मुद्दाम वेळ लागेल अशी पद्धत वापरते. लांब पासवर्ड असेल तर अंदाज करत बसण्यात अर्थ नाही.

मग आपल्या हाती काय उरतं? ही साधनं कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालवताना पासवर्ड बहुतेक वेळा कमांडमध्येच लिहिला जातो. कमांड लाइन लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, उतरत असेल तर कुलपाची किल्ली आपल्याच लॉगमध्ये पडलेली असते. हे आज पडद्यावर स्वतः पाहिलं आणि दिवसभराचा शीण गेला. याच एका कारणासाठी प्रत्येक सर्व्हरवर हा लॉग चालू असावा, असं मी मागणार आहे.

१९ जानेवारी

दोन दिवस वाया गेले. विंडोजच्या सुरक्षा लॉगमधल्या ४६८८ क्रमांकाच्या, म्हणजे प्रोसेस (चालू झालेला प्रोग्रॅम) सुरू झाल्याच्या, नोंदी येत होत्या, प्रोसेसचं नाव दिसत होतं, पण कमांड लाइनचा रकाना रिकामा. नियम लिहिते, चालवते, काहीच सापडत नाही. शेवटी लक्षात आलं की प्रोसेस सुरू झाल्याची नोंद आणि त्या नोंदीत कमांड लाइन असणं या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. पहिली चालू होती, दुसरी बंद. आमच्या खऱ्या सर्व्हरवर पाहिलं तर तिथेही तीच गत. इतकी वर्षं आम्ही 'प्रोसेस लॉग चालू आहे' असं समाधानाने सांगत होतो. आज बदलाची विनंती टाकली.

सोबत सिसमॉन हे मायक्रोसॉफ्टचं बारकाईने नोंदी ठेवणारं साधन बसवलं. हल्लेखोर आरएआरच्या प्रोग्रॅमला भलतंच नाव देतात, एखाद्या विंडोज सेवेचं किंवा नुसतं दोन अक्षरी. सिसमॉन फाइलच्या नावापाशी थांबत नाही. प्रोग्रॅमच्या आत कोरलेलं वर्णन आणि मूळ नावही नोंदवतं. वरचं नाव बदललं तरी आत 'कमांड लाइन आरएआर' तसंच असतं. नियमात आता दोन्ही जोडले आहेत : वर्णन एक आणि नाव दुसरंच असेल तर थेट वरच्या श्रेणीचा अलर्ट. नाव बदलून अर्काइव्हर चालवायला प्रामाणिक कर्मचाऱ्याला काही कारण नसतं.

२३ जानेवारी

कालपर्यंतचे नियम आज मी स्वतःच हरवले. आरएआर नाही, सेव्हन-झिप नाही, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वीस ओळींत फोल्डर दाबला. दुसऱ्या चाचणीत पॉवरशेल या विंडोजच्याच साधनातून मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची लायब्ररी वापरली. नावावर बेतलेला एकही नियम जागा झाला नाही. अपेक्षित होतं, तरी लागलं.

मग नाव सोडून वागण्याकडे वळले. साधन कुठलंही असो, ते अनेक फोल्डरमधल्या फाइल वाचतं आणि एका जागी एक मोठी फाइल लिहितं. लिहिणं सिसमॉनच्या ११ क्रमांकाच्या नोंदीत दिसतं, मात्र त्यात आकार नसतो, तो वेगळा तपासावा लागतो. अडचण वाचनाची आहे. फाइल सर्व्हरवरचं प्रत्येक वाचन नोंदवायला लागलं तर लॉगच बुडवून टाकेल.

उपाय सहकारी मैत्रिणीने सुचवला. "अगं, सगळ्या फाइलवर पाळत कशाला ठेवतेस? ज्या फाइल कुणी उघडायलाच नकोत, तेवढ्यांवर ठेव ना." म्हणजे आमिष-फाइल. प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरमध्ये खऱ्यासारख्या नावाची एक खोटी फाइल ठेवली आणि फक्त तिच्यावर वाचनाची नोंद चालू केली. माणूस आपल्या कामाची फाइल उघडतो, आमिषाला हात लावत नाही. अख्खा फोल्डर उचलणारा प्रोग्रॅम मात्र तिला वगळू शकत नाही. एकाच खात्याने दहा मिनिटांत तीन फोल्डरमधली आमिषं वाचली की अलर्ट. आज तीनही साधनांवर चाललं. दिवसाला जेमतेम काही नोंदी होतात, त्याही बहुतेक बॅकअपच्या खात्याच्या.

२९ जानेवारी

एन्ट्रॉपी, म्हणजे फाइलचे बाइट किती बेभरवशाचे आहेत त्याचं मोजमाप. या विषयावर मला सगळ्यात जास्त वेळ हवा होता आणि तो सत्कारणी लागला.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेलं हे मोजमाप. एका बाइटसाठी कमाल मूल्य ८. बाइट जितके बेभरवशाचे, तितका आकडा आठाच्या जवळ. साधा इंग्रजी मजकूर चार-साडेचारच्या आसपास येतो. मराठी मजकूर तपासताना गंमत वाटली. तो माझ्या नमुन्यांत चाराच्याही खाली आला. कारण युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो, दुसऱ्यासाठी दोनच शक्यता असतात. म्हणजे दोन तृतीयांश बाइट जवळपास आधीच सांगता येतात. साहजिकच मराठी मजकूर दाबलाही छान जातो.

दाबलेल्या आणि एन्क्रिप्ट केलेल्या फाइल ७.९ च्या वर. इथपर्यंत सोपं. पण फोटोही ७.९ च्या आसपास. वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाइलही वरच्या आकड्यावर, कारण त्या आतून झिपच असतात. नुसत्या एन्ट्रॉपीवर अलर्ट लावला तर अर्धं कार्यालय संशयित ठरेल.

दुसरा खड्डा नमुन्याच्या आकाराचा. वेग वाढावा म्हणून मी फाइलचे फक्त पहिले २५६ बाइट मोजत होते आणि पूर्ण यादृच्छिक फाइलसुद्धा ७.२ च्या आसपास येत होती. वाटलं कोडच चुकला. चूक कोडात नव्हती. २५६ शक्यता आणि २५६ बाइट असतील तर काही मूल्यं दोनदा येणार, काही येणारच नाहीत. ४०९६ बाइट घेतल्यावर आकडा ७.९५ ला पोचला. लहान नमुन्याला मोठ्या नमुन्याचा उंबरठा लावायचा नाही, असं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं आहे.

तिसरा खड्डा बेस-६४, म्हणजे कुठलेही बाइट ६४ साध्या चिन्हांत लिहायची पद्धत. एन्क्रिप्ट केलेली फाइल बेस-६४ मध्ये लिहिली की आकार एक तृतीयांशाने वाढतो, पण बाइट ६४ चिन्हांतच फिरतात, त्यामुळे एन्ट्रॉपी सहाच्या वर जातच नाही. ७.९ चा उंबरठा तिला अलगद सोडून देतो. म्हणून आधी बेस-६४ ओळखून उलगडायचं, मग मोजायचं.

दाबलेलं आणि एन्क्रिप्ट केलेलं यांत फरक करायला काय-वर्ग चाचणी (बाइटची मूल्यं किती समान विखुरली आहेत ते मोजणारी) वापरून पाहिली. खरोखर यादृच्छिक बाइटसाठी आकडा २५५ च्या भोवती, बहुतेक वेळा २१० ते ३०० मध्ये राहतो. एन्क्रिप्ट केलेल्या फाइल तिथेच बसल्या. साध्या झिप कितीतरी वर गेल्या. सेव्हन-झेडची पद्धत इतकी घट्ट दाबते की तिथे फरक बराच पुसट होतो. उपयोगी चाचणी आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर निर्णय घेणार नाही.

३ फेब्रुवारी

फाइलची सुरुवात पाहणं हा एन्ट्रॉपीचा चांगला जोडीदार आहे. झिपच्या सुरुवातीचे बाइट हेक्समध्ये (१६ अंकी पद्धतीत) ५०, ४बी, ०३, ०४. आरएआर आपलं नावच लिहून सुरू होते. हेडर एन्क्रिप्ट केलं तरी ही ओळख पुसली जात नाही. त्यामुळे फाइलच्या नावाचा विस्तार लॉगचा किंवा चित्राचा आणि सुरुवात आरएआरची, अशी जोडी दिसली की विचार करायला नको.

आज तिसरा उपप्रकार, म्हणजे स्वतःची पद्धत. झिपचा प्रत्येक बाइट एकाच गुप्त बाइटशी एक्सॉर केला, म्हणजे दोघांचे बिट जिथे वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० लिहिला. ओळख पुसली गेली. एन्ट्रॉपी मात्र तसूभरही हलली नाही, कारण बाइटची फक्त अदलाबदल होते, प्रमाण तेच राहतं. पुसलेली ओळखही परत मिळवता येते. शेजारच्या दोन बाइटचं आपसात एक्सॉर केलं की गुप्त बाइट गळून पडतो आणि झिपसाठी उत्तर कायम १बी, ४८, ०७ येतं. दोन ओळींचा नियम आहे, आणि तो लिहिताना फार समाधान वाटलं.

लांब किल्ली किंवा खरं एन्क्रिप्शन असेल तर हे चालत नाही. तिथे उलटा प्रश्न विचारते : एन्ट्रॉपी आठाला टेकलेली, पण सुरुवात कुठल्याच ज्ञात प्रकाराशी जुळत नाही, अशी मोठी फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काय करते आहे?

५ फेब्रुवारी

गाठोडं बांधायच्या नेहमीच्या जागांची यादी केली : विंडोजचा टेम्प, प्रोग्रॅमडेटा, पर्फलॉग्ज, सार्वजनिक वापरकर्त्याचा फोल्डर, रिसायकल बिन. तिथे १०० एमबीपेक्षा मोठी नवी फाइल दिसली की तिची तपासणी होते.

१० फेब्रुवारी

आज नेटवर्क. मोठ्या घटनांचे अहवाल समोर ठेवून बसले.

इक्विफॅक्स ही अमेरिकेतली पतमाहिती कंपनी, २०१७. हल्लेखोर मे ते जुलै असे ७६ दिवस आत होते. एन्क्रिप्ट केलेली रहदारी उघडून तपासणारं यंत्र संस्थेकडे होतं, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती, त्यामुळे ते काही न तपासता सगळं पुढे जाऊ देत होतं. २९ जुलैला प्रमाणपत्र नवं केलं आणि संशयास्पद रहदारी लगेच दिसली. अमेरिकी न्याय विभागाच्या २०२० मधल्या आरोपपत्रानुसार माहिती तात्पुरत्या फाइलमध्ये साठवून, दाबून, तुकडे करून नेली गेली. जवळपास २० देशांतले सुमारे ३४ सर्व्हर वापरले गेले, आणि दाबलेल्या फाइल रोजच्या रोज पुसल्या जात होत्या. जवळपास साडेचौदा कोटी लोकांची माहिती गेली. हे वाचल्यावर पहिलं काम केलं ते आमच्या तपासणी यंत्राच्या प्रमाणपत्राची मुदत पाहण्याचं. अजून आहे. मुदत संपायच्या आधी इशारा देणारी नोंदही लावून टाकली.

तुकड्यांवरून एक नियम सुचला. अर्काइव्ह ठरावीक आकाराच्या तुकड्यांत पाडलं की शेवटचा सोडून सगळे तुकडे सारखे असतात. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचे आकार एकाखाली एक मांडले तर ही शिस्त उठून दिसते. माणसाच्या कामात इतका सारखेपणा नसतो. मजकूर न वाचता, फक्त नेटफ्लोच्या, म्हणजे कुणी कुणाला किती बाइट पाठवले याच्या, आकड्यांवर हे जमतं.

दुसरा नियम असा होता : आतलं मशीन घेतं त्यापेक्षा जास्त बाहेर देत असेल तर संशय. तो सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीवरच्या हल्ल्याच्या प्रकरणाने मोडला. २०२० मध्ये वोलेक्सिटी या सुरक्षा कंपनीने लिहिलं आहे की त्या हल्लेखोरांनी ईमेल काढून सेव्हन-झिपने पासवर्ड लावलेली अर्काइव्ह केली आणि ती संस्थेच्याच वेबमेल सर्व्हरवर ठेवली. मग बाहेरून साध्या वेब विनंतीने उतरवून घेतली. वेब सर्व्हर घेतो त्यापेक्षा जास्त देतोच, ते त्याचं कामच आहे. माझा नियम तिथे गप्प बसला असता. म्हणून आता वेब सर्व्हरच्या प्रकाशित फोल्डरमध्ये कुठलंही नवं अर्काइव्ह तयार झालं की वेगळा अलर्ट, आकार कितीही असो.

१६ फेब्रुवारी

गेल्या आठवडाभर नियम खऱ्या सर्व्हरवर, फक्त नोंदवहीत लिहिण्यापुरते चालू आहेत. खोटे अलर्ट भरपूर. जुने लॉग रोज रात्री दाबले जातात. सॉफ्टवेअर वाटप करणारी प्रणाली मोठे पॅकेज टेम्पमध्ये उलगडते. आणि बॅकअप तर नेमकं तेच करतो जे हल्लेखोर करतो : सगळं वाचतो, दाबतो, एन्क्रिप्ट करतो, बाहेर पाठवतो.

बॅकअप सांभाळणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेले. म्हटलं, "सर, बॅकअपचं खातं यादीतून वगळून टाकू का?" ते म्हणाले, "वगळू नका. त्याच खात्याला सगळं वाचायची परवानगी आहे. मी हल्लेखोर असतो तर तेच खातं आधी मिळवलं असतं." बरोबर होतं. आता खातं वगळलेलं नाही, त्याची चाकोरी ठरवली आहे. ठरलेला प्रोग्रॅम, ठरलेली वेळ, ठरलेलं ठिकाण. यातलं एकही बदललं तर अलर्ट. लॉग दाबणाऱ्या कामालाही तसंच. त्याला पासवर्ड कधीच लागत नाही, त्यामुळे पासवर्डचा पर्याय दिसला की तो अलर्ट कुणाच्याही नावावर माफ नाही.

२० फेब्रुवारी

अर्काइव्ह पाठवून लगेच पुसलं तर मागे काय उरतं? वर्कस्टेशनवर पुष्कळ. प्रीफेचमध्ये (प्रोग्रॅम लवकर सुरू व्हावेत म्हणून विंडोज ठेवतं त्या फाइलमध्ये) साधन चालल्याची वेळ राहते. फाइल प्रणालीच्या बदलांच्या नोंदीत अर्काइव्ह तयार झाल्याचं आणि पुसल्याचं नाव राहतं. विनआरएआर खिडकीतून वापरलं असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, अर्काइव्हची यादी राहते. विंडोज कुठल्या प्रोग्रॅमने किती बाइट पाठवले त्याचा तासागणिक हिशेबही ठेवतं. तो सापडला तेव्हा पाठवलेल्या तुकड्यांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहिली. जुळली.

सर्व्हरवर प्रीफेच मुळात बंद असतो. तिथे सिसमॉनच्याच नोंदीवर भिस्त, म्हणून त्या नोंदी मशीनवर न ठेवता तात्काळ वेगळ्या सर्व्हरवर पाठवायला सुरुवात केली. इक्विफॅक्सच्या आरोपपत्रात लॉगही रोज पुसले गेल्याचं आहे.

२६ फेब्रुवारी

आंधळी चाचणी. मैत्रिणीने हल्लेखोर व्हायचं, मला काहीही न सांगता. तीन दिवस दिले.

तिने मला चांगलंच फिरवलं. पायथनची लायब्ररी, एका वेळी एकच फोल्डर, दोन फोल्डरमध्ये तासाभराचं अंतर, अर्काइव्ह ४० एमबीपेक्षा लहान, ठेवायची जागा रिसायकल बिन. साधनाच्या नावाचा नियम गप्प. मोठ्या फाइलचा नियम गप्प. दहा मिनिटांत तीन आमिषांचा नियमही गप्प, कारण ती घाई करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एन्ट्रॉपीच्या रात्रीच्या अहवालात अनोळखी सुरुवातीच्या नऊ फाइल दिसल्या, एकाच फोल्डरमध्ये. तिथून मागे गेले तर त्यांच्या वेळा आणि आमिष-फाइल वाचल्याच्या वेळा एकास एक जुळल्या. खातं मिळालं, मशीन मिळालं. तोपर्यंत तिचे पाच तुकडे बाहेर पोचले होते.

पाच तुकडे म्हणजे कमी नाही. खऱ्या प्रसंगात त्या पाचांत कुणाची तरी माहिती असती. दहा मिनिटांची खिडकी मी माझ्या सोयीने ठरवली होती, हल्लेखोराच्या सवयीवरून नव्हे. आता खिडकी सात दिवसांची केली आहे : एकाच खात्याने आठवड्यात तीन वेगळ्या फोल्डरमधली आमिषं वाचली तरी अलर्ट. तिच्या तीन दिवसांच्या नोंदी नव्या नियमातून पुन्हा चालवल्या. पहिल्याच दिवशी, तिसऱ्या फोल्डरला हात लागताच अलर्ट आला. तेव्हा बाहेर एकही तुकडा गेलेला नव्हता.

उद्यापासून लिनक्सच्या फाइल सर्व्हरवर आमिषं ठेवायची आहेत. तिथे ऑडिट-डी या लिनक्सच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाने फक्त त्या फाइलवर पाळत लावायची. मैत्रिणीने पुढच्या फेरीसाठी आत्ताच तारीख मागून घेतली आहे.